उमामाचा आवाज

फरझानाला रडू येत नव्हतं. तिची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करायला पाहिजे, कारण मला तिचा सगळ्यात जास्त राग आला असेल तर तो याचाच. माणसाने रडावं, आदळआपट करावी, निदान भांडी तरी जोरात ठेवावीत. ही बाई काही म्हणजे काही करत नसे. मी कितीदा म्हटलं असेल, "रड तरी गो एकदाची!" तर माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "काय वाटतच नाय वैनी. रडू कशी?"

मी दिपिका. रोह्यात आमच्या बिल्डिंगमध्ये ती वरच्या मजल्यावर राहते, मी तिच्या बरोबर खाली. माझे मिस्टर प्रविण, धाटावला कंपनीत शिफ्टला जातात. तिचे अर्शदभाई कुवेतला, एका कोल्ड स्टोरेजच्या गोदामात. म्हणजे माझा नवरा घरात असून झोपलेला, आणि तिचा जागा असून घरात नाय. यावर आम्ही दोघी हसायचो. म्हणजे मी हसायचे, ती मान हलवायची.

तिची मुलगी उमामा. माझी दिशा तिच्याहून थोडी मोठी. अर्शदभाई मागच्या वेळी परत गेले तेव्हा उमामा दुडुदुडु चालत होती, नुसती बडबड सुरू व्हायची बाकी होती. आज बोलेल, उद्या बोलेल करता करता वर्ष गेलं, त्यावर अजून काही महिने गेले. अब्बा नाय, अम्मी नाय, पाणी नाय. माझी दिशा त्या वयात कान खाऊन टाकायची. आईवर गेली असं प्रविण म्हणतात, म्हणू देत. उमामाला दर्ग्यावर नेलं, गळ्यात ताईत बांधला. पनवेलला नेऊन कान तपासले, तर कान ठणठणीत. मग आता खापर कोणावर फोडायचं? फरझानाच्या नणंदा आल्या की तिच्या तोंडावर बोलून जायच्या, "आईच मुकी बसते, पोरगी काय बोलेल." फरझाना त्यांना चहा द्यायची.

अर्शदभाईंचा फोन रोज यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला. "आज बोलली का?" आमच्या बिल्डिंगचे स्लॅब असे की वरचा खोकला खाली कळतो. मी भाकऱ्या थापताना रोज ऐकायचे. "आज बोलली का?" मग फरझानाचं "नाय." मग काहीच नाय, बराच वेळ. तिकडे तो गप्प, इकडे ही गप्प. मला वाटायचं, अरे, एकाने तरी शिव्या घाला.

आता पुढचं मला खूप नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नायतर तुमचा गोंधळ होईल.

एका शुक्रवारी, अर्शदभाईंच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी फोन आला. नेट खराब, चित्र दिसेना, नुसता आवाज. दिशा वर खेळायला गेलेली, फरझानाच्या मांडीला टेकून बसलेली. अर्शदभाई नेहमीसारखं म्हणाले, "उमामा, बेटा, अब्बाला सलाम कर." उमामा आपली चमचा चाटत बसलेली. आणि आमची आगाऊ कार्टी पटकन म्हणाली, "सलाम अब्बा!"

आणि तिकडे तो एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला. रूममधल्या लोकांना ओरडून सांगायला लागला, "बोलली! माझी मुलगी बोलली!"

"मी नाय म्हणायला तोंड उघडलं होतं वैनी," फरझाना मला म्हणाली. "पण तिकडं सगळे टाळ्या वाजवत होते."

बस, एवढंच झालं. ठरवून कोणी काही केलं नाय. पण पुढच्या शुक्रवारी त्यांनी आवाज मागितला, आणि ही बाई नाय म्हणू शकली नाय. तिने दिशाला जवळ घेतलं, फोन धरला, आणि दिशा बोलली. मग दर शुक्रवारी एक व्हॉइस मेसेज जायला लागला. "अब्बा, मी जेवले." "अब्बा, खजूर आणा." "अब्बा, आज मला ताप आला होता, आता नाय." दिशाला तो खेळ वाटायचा. व्हिडिओ कॉल असला की उमामाच्या तोंडात केळं. तोंड भरलंय, आता नाय बोलायची, असं फरझाना सांगायची. आणि अर्शदभाई म्हणायचे, राहू दे, रात्री मेसेज लावून ऐकेन.

मला कळलं ते असं. एका संध्याकाळी दिशा टीव्हीचा रिमोट कानाला लावून बसलेली. "अब्बा, ईदला फ्रॉक आणा. लाल."

मी विचारलं, "अब्बा कोण गो तुझा?"

"उमामाचे," ती म्हणाली. "शुक्रवारी मी उमामा असते ना."

मला आधी समजलंच नाय. मग खोदून खोदून विचारलं, आणि समजलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच जिना चढून वर. फरझाना खाली बसून कोलंबी सोलत होती. मी काय काय बोलले ते इथे सांगत नाय, बिल्डिंगने ऐकलंय तेवढं पुरे. माझ्या पोरीला खोटं बोलायला शिकवलंस, माझ्या पोरीचा आवाज वापरलास, मला एका शब्दाने विचारलं नायस, उद्या त्या माणसाला काय तोंड दाखवशील. ती सोलत राहिली. एक कोलंबी, दुसरी कोलंबी. मी दमून थांबले तेव्हा म्हणाली, "व्हय."

"व्हय काय? नुसतं व्हय काय?"

"ते ईदनंतर येतायत," ती म्हणाली. "तिकीट काढलंय."

मी तिथेच खाली बसले. तिच्याकडे बघितलं तर चेहऱ्यावर काही नाय. भीती नाय, लाज नाय. ती म्हणाली, "वैनी, कोलंबी नेतेस का थोडी? जास्त आलीय."

मी नेली कोलंबी. काय करणार.

पेणला एक मॅडम आहेत, उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवतात, हे मला ठाऊक होतं. माझी मावसबहीण गडबला दिलेली, तिचा मुलगा जायचा त्यांच्याकडे. माझा हिशोब सरळ होता. अर्शदभाई यायच्या आत पोरीने एकदा 'अब्बा' म्हणायचं. एकदाच. तेवढं जमलं की मागचं सगळं झाकलं जाईल, त्या माणसाचं मन मोडणार नाय, आणि आम्ही सुटू. दिशाला मी ताकीद दिली, शुक्रवारचा खेळ बंद. फरझानाने तिकडे कळवलं, उमामा रुसलीय, तुम्ही या मग बोलेल. म्हणजे खड्डा अजून खोल. पण तिला तेव्हा काही सुचत नव्हतं आणि मला राग सोडून दुसरं काही येत नव्हतं.

आम्ही एसटीने जायला लागलो. नागोठणं, गडब, मग पेण. हायवेचं काम चाललेलं, धूळ खात जायचं. उमामा खिडकीत. मी सारखी तिच्या मागे, "ती बघ म्हैस! म्हण म्हैस! तो बघ ट्रक! म्हण ट्रक!" ती तोंड फिरवून घ्यायची. मला वाटायचं, हट्टी आहे.

मॅडमचं नाव नम्रता. खालच्या गल्लीत गणपतींना रंग लावणं चालू, त्या वासातून जिना चढायचा, वर एक खोली. सतरंजी, टोपलीत वस्तू: घंटी, तांदूळ भरलेला डबा, चेंडू, चावीचा बेडूक. मी आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, "मॅडम, आम्हाला जास्त काही नको. एकच शब्द शिकवा. अब्बा. तिचे वडील यायचेत."

मॅडम उमामाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "शब्दाला वेळ आहे. आधी ऐकणं."

"कान चांगले आहेत तिचे. तपासलेत."

"कानांनी ऐकू येतं. ऐकायला शिकावं लागतं. मूल आधी ऐकतं, मग आपली पाळी ओळखतं, मग बोलतं. तुम्ही आत आल्यापासून तिला किती वेळा 'बोल' म्हणालात? तिची पाळी आलीच नाही अजून."

मला झोंबलं ते. पण फरझाना बाजूला मान खाली घालून बसलेली, म्हणून गप्प बसले. मग मॅडमनी पडद्याआड तांदळाचा डबा वाजवला. आवाज आला की उमामाने वाटीत एक मणी टाकायचा, असा खेळ. उमामाने मणी खोलीभर उधळले. मॅडमनी शांतपणे गोळा केले, परत डबा वाजवला. ती परत उधळते, त्या परत वाजवतात. मी म्हटलं, झालं, या बाईच्या हाताने आपलं कल्याण.

आम्हाला जे काम दिलं ते तर त्याहून अवघड. घरी रोज थोडा वेळ उमामाजवळ बसायचं. प्रश्न विचारायचा नाय. 'बोल' म्हणायचं नाय. ती जो आवाज काढेल, तोच आवाज तिला परत द्यायचा, आणि मग थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. मला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा. पहिल्या दिवशी मी वर जाऊन बसले तर तोंड दाबून दाबून माझं डोकं दुखायला लागलं. फरझानाला मात्र ते सोपं गेलं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. ती म्हणाली, "वैनी, मी गप्प असते, पण ऐकत कुठं असते? मी वाट बघत असते, अब्बा कधी म्हणते त्याची. बाकी काय म्हणते ते माझ्या कानात शिरतच नाय."

पुढच्या एका फेरीला खोलीत खेळ चालू असताना उमामा मध्येच उठली, दाराजवळ जाऊन उकिडवी बसली आणि टाळूला जीभ लावून आवाज काढला. "टॉक् टॉक्."

मॅडम लगेच म्हणाल्या, "टॉक् टॉक्."

उमामाची मान गर्रकन वळली. मी त्या पोरीला इतके दिवस बघतेय, कोणाच्या हाकेला ती अशी वळलेली मी पाहिली नव्हती. तिने मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. कितीतरी वेळ. मी 'शाब्बास' म्हणायला तोंड उघडलं तर मॅडमनी हात वर केला, थांबा म्हणून. आम्ही सगळ्याजणी श्वास धरून बसलो. आणि उमामा परत म्हणाली, "टॉक् टॉक्."

"हा आवाज ती घरी काढते का?" मॅडमनी विचारलं.

"व्हय," फरझाना म्हणाली. "काढते. मी गप्प कर म्हणते."

"कधी काढते?"

फरझानाने उमामाकडे बघितलं. मग म्हणाली, "माहीत नाय."

परत येताना गडबपर्यंत ती बाहेर बघत होती. गडबचा स्टॉप गेला तशी म्हणाली, "वैनी, मी आई हाय तिची. आणि मला माहीत नाय." आवाजात काहीच नाय. तिकीट कुठलं विचारावं तसं म्हणाली. मला तिला हलवावंसं वाटलं, दोन्ही खांदे धरून. पण उमामा तिच्या मांडीवर झोपलेली.

मग ती ऐकायला लागली. खरोखर. रोजे सुरू झाले, दिवसभर पाणी नाय पोटात, तरी पेणची फेरी चुकवली नाय तिने. मीही स्टँडवरचा वडापाव सोडला, एकटीने कसा खायचा तिच्यासमोर. आणि रोजे संपता संपता एके दिवशी ती माझ्या दारात आली. सकाळ नुकती उजाडलेली. हातात रिकामा हंडा तसाच.

आमच्याकडे पाणी पहाटे येतं. सगळ्या बायका झोपताना नळ उघडा ठेवतात आणि खाली रिकामं पातेलं ठेवतात. पाणी आलं की पातेल्यात थेंब वाजतात, त्या आवाजाने जाग येते. गजर बिजर कोणी लावत नाय.

"ती पाण्याला टॉक् टॉक् म्हणते," फरझाना म्हणाली. "थेंब पडायच्या पण आधी. पाइपात हवा खुळखुळते ना, ती तिला ऐकू येते. उठून बसते, माझ्या कानाजवळ येते आणि म्हणते. आज मी डोळे मिटून पडले होते, मुद्दाम. तेव्हा कळलं." तिने हंडा खाली ठेवला. "मला उठवते गो ती. एवढे दिवस मला वाटायचं मी आपोआप उठते."

पेणच्या त्या खोलीमागे मोरी होती आणि तिचा नळ ठिबकत असायचा, ते मला तेव्हा आठवलं.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिच्या नाय. मी म्हटलं, "आता तरी रड!" ती म्हणाली, "येत नाय," आणि हंडा घेऊन वर गेली.

एकदा कान उघडल्यावर मग सगळंच ऐकू यायला लागलं. दिशा जिना चढायला लागली की उमामा "ऊंऽऽ" असा वर वर चढत जाणारा आवाज काढायची. प्रविणची बाइक आली की ओठ फुरफुरवायची. मणी आता वाटीतच पडायचे. मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, पाया तयार झालाय, आता घाई करू नका. पण 'अब्बा' काही येईना, आणि ईद तोंडावर आली. मी फरझानाला रोज म्हणायचे, "खरं सांग. फोनवर सांग. समोर आल्यावर सांगणं जड जाईल." ती रोज म्हणायची, "सांगते." रोज फोन यायचा. खालून मी ऐकायचे. ती सांगत नव्हती.

अर्शदभाई आले त्या दिवशी दुपारी गाडी खाली लागली. दिशा वरच्या गॅलरीत उमामाबरोबर खेळत होती. ती वाकून ओरडली, "आई, गाडी आली! पाहुणे आले!"

मी माझ्या दारातच होते. अर्शदभाई दोन्ही हातांत बॅगा घेऊन जिना चढत होते. तो आवाज ऐकला आणि ते जागच्या जागी थांबले. बॅगा हातातून सुटल्या, एक गडगडत खाली गेली. त्यांनी वर बघितलं. असा आनंद मी माणसाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाय आणि परत बघायला मिळू नये. "उमामा!" म्हणाले आणि धावत सुटले. मी मागून धावले. मी काय करणार होते देव जाणे.

वर दिशा उभी, दोन वेण्या घातलेली. तिला बघून ते थबकले. उमामाचा चेहरा त्यांना ठाऊक होता ना, व्हिडिओवर बघितलेला. ही ती नव्हे. त्यांनी तिच्या मागे बघितलं, गॅलरीत इकडे तिकडे बघितलं, आवाज जिचा ती कुठे आहे म्हणून.

"उमामा कुठं हाय, बेटा?"

"ती काय आत पळाली," दिशा म्हणाली. "लाजते ती."

त्याच आवाजात. त्यांनी तो किती वेळा ऐकला असेल, त्यातला श्वास न् श्वास पाठ असेल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. समजत गेलं तसतसा चेहरा विझत गेला. ते पायरीवर बसले. दारात फरझाना उभी, तिच्या पदराआड उमामा. मला वाटलं आता ओरडतील, हात उगारतील, मी मध्ये पडायच्या तयारीत. त्यांनी फक्त बूट काढले, नीट कडेला ठेवले आणि आत गेले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी माझ्या दारात आले. प्रविण उठून उभे राहिले. अर्शदभाई म्हणाले, "वैनी, रागावू नको. दिशाला एक सांगायचं होतं." मग तिच्यासमोर खाली बसले. "बेटा, एकदा म्हण ना. 'अब्बा, मी जेवले.'"

दिशाने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. ती म्हणाली, "अब्बा, मी जेवले."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाताना मला म्हणाले, "ते मेसेज मी पुसणार नाय वैनी. त्यांच्यावरच इतके दिवस काढलेत मी." मी दिशाला जवळ ओढून घेतलं.

थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला, हळू, पण मला कळला. "मग हिचा आवाज कसा हाय, फरझाना?"

मी हातातलं काम थांबवलं. महिन्याभरापूर्वी याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

"सकाळी पाणी येईल," फरझाना म्हणाली. "तेव्हा ऐका."

आणि मग खाली येऊन मला म्हणाली, "पहाटे वर ये वैनी. माझ्याच्याने एकटीने नाय व्हायचं."

मी गेले. अर्शदभाई मोरीजवळ भिंतीला टेकून बसलेले, लुंगी, बनियन, झोपलेच नव्हते वाटतं. नळ उघडा, खाली रिकामं पातेलं. उमामा गादीवर गाढ झोपलेली. फरझानाने त्यांना सांगून ठेवलं होतं, हाक मारू नका, प्रश्न विचारू नका, ती देईल तेच परत द्या आणि थांबा. आम्ही तिघं बसलो. बाहेर कावळा ओरडायला लागला.

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं, आणि उमामा उठून बसली. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. सरळ फरझानाच्या कानाकडे वळली. "टॉक् टॉक्."

आणि मग पातेल्यात पहिला थेंब वाजला.

अर्शदभाईंनी पातेल्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग त्यांनी जीभ टाळूला लावून प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलंच नाय, नुसती हवा आली. परत केला. "टॉक् टॉक्."

उमामा वळली. आदल्या दिवसापासून या दाढीवाल्या माणसापासून ती लपत होती. आता बघत राहिली. ते काही बोलणार असं मला वाटलं, बेटा म्हणतील, अब्बा म्हण म्हणतील. फरझानाने हात वर केला, मॅडम करतात तसा. ते थांबले. पाणी जोरात यायला लागलं. पातेलं भरलं, वाहायला लागलं, मोरीतून खोलीत आलं, माझे पाय भिजले. एरवी थेंब वाया गेला तर बिल्डिंग डोक्यावर घेणारी मी, नळाला हात लावला नाय.

उमामा उठून त्यांच्याजवळ गेली. बोट त्यांच्या हनुवटीखाली लावलं, आवाज कुठून येतो ते बघायला. आणि म्हणाली, "टॉक् टॉक्."

ते रडले. फरझाना नाय रडली. तिने फडकं घेतलं आणि पाणी पुसायला बसली.

सुट्टी संपून अर्शदभाई परत गेले. जायच्या आधी पेणला आमच्याबरोबर आले, सतरंजीवर बसून वाटीत मणी टाकले. त्या दोघांचं आपसात काय झालं, किती झालं, ते मला माहीत नाय. स्लॅबमधूनही काही ऐकू आलं नाय. नणंदा अजून येतात, अजून बोलतात. आणि उमामा अजून 'अब्बा' म्हणत नाय. मॅडम म्हणतात म्हणेल, मी म्हणते म्हणेल, पण आज तरी नाय.

ते गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी तिकडून मेसेज आला. मी वरच होते, फरझानाच्या केसांना तेल लावत होते. तिने फोन खाली ठेवला आणि मेसेज लावला. सलाम नाय, बेटा नाय. आधी कुठल्या तरी भांड्यात नळाचं ठिबकणं. मग त्यांचं, "टॉक् टॉक्." आणि मग काहीच नाय. मला वाटलं संपला मेसेज. बघितलं तर चालूच होता. नुसती शांतता, त्यांचा श्वास.

"हे काय?" मी म्हटलं. "पुढे रेकॉर्ड झालं नाय वाटतं."

"झालंय," फरझाना म्हणाली. "तिच्या पाळीची जागा सोडलीय त्यांनी."

उमामा कोपऱ्यातून उठून आली. फोनसमोर उकिडवी बसली, ऐकत राहिली. मग वाकून, अगदी फोनला तोंड लावून म्हणाली, "टॉक् टॉक्." आणि उत्तराची वाट बघत बसली. फोनमधून आवाज आला, "टॉक् टॉक्." त्यांनी थांबून, अंदाजाने, परत म्हटलेलं.

माझ्या हातातलं फरझानाचं डोकं हलायला लागलं. मला वाटलं केस ओढले गेले. वाकून बघते तर ती रडत होती. साधंसुधं नाय. तोंड उघडं टाकून, इतक्या दिवसांचं सगळं, बिल्डिंग हादरेल असं. खाली नाइट करून झोपलेले प्रविण धडपडत उठले आणि जिन्यातून ओरडले, "काय झालं गो? कोण गेलं?"

"कोणी नाय," मी ओरडले. "झोपा तुम्ही. फरझाना रडतेय."